ओढ्याच्या फाट्यातच शेवाळ का माजतं?

प्रश्न नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावरच्या एका गावातून आलाय, मच्छीमार संस्थेचं काम पाहणाऱ्या तरुणाचा. थोडक्यात असा: "आमच्या गावचा ओढा जिथे धरणाला मिळतो तिथे पाऊण किलोमीटर आत शिरलेला पाण्याचा फाटा आहे. दिवाळीपर्यंत पाणी मोकळं असतं. मग पंधरा दिवसांत शेवाळ असं माजतं की होडी पुढे सरकत नाही, आणि तंगूसची जाळी माशांऐवजी शेवाळानं भरून येतात. बाहेर मोठ्या पाण्यात मात्र काडीसुद्धा दिसत नाही. कुणी म्हणतं तणनाशक मारा, कुणी म्हणतं मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, कुणी म्हणतं गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा. नेमकं काय करावं?"

आधी नाव दुरुस्त करतो, राग मानू नका. गावाकडे पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला आपण शेवाळच म्हणतो. मी तीस वर्षं तळी-धरणं हिंडतोय आणि घरी बोलताना अजूनही तसंच म्हणतो. पण तुमच्या जाळ्यात जे अडकतंय ते बहुतेक शेवाळ नसावं. मुळं, खोड, पानं, फुलं असलेल्या, पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती असाव्यात. खरं शेवाळ म्हणजे पाणी हिरवं करणारी बारीक भुकटी, नाहीतर दगडावरचे बुळबुळीत धागे. हा फरक नुसता नावापुरता नाही, कारण एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला नेमका उलटा पडतो. तेव्हा उपायाआधी ओळख.

त्यासाठी लागतं एक साधं हत्यार. शेतातली दोन दाताळी घ्या, दांडे काढून टाका, दोन्हींची पाठ एकमेकीला लावून बांधा आणि पंधरा-वीस मीटर दोरी जोडा. होडीतून फेकायचं, तळाला लागू द्यायचं, सावकाश ओढायचं. जे अडकून येईल ते घमेल्यात पाणी घेऊन त्यात सोडा. बाहेर नुसता चिखलाचा गोळा दिसतो, पाण्यात सोडलं की एकेक पान उलगडतं.

आता बोटांनी पाहा. खोडाभोवती चार ते आठ छोटी पानं चक्रासारखी, कडेला करवतीसारखे दाते आणि बोटावर फिरवली की खरखर लागते, तर ती हायड्रिला. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार, पानं दुभंगलेली, आणि कितीही शोधा मूळ सापडत नाही, ती सेरॅटोफायलम. कडा सुरकुतलेली, लाटांसारखी पानं असली तर पोटॅमोजेटनची एक जात. ही थंडीची पाहुणी, ऊन तापलं की आपोआप मरते. फितीसारखी लांब हिरवी पानं म्हणजे व्हॅलिसनेरिया. हिचं लग्न एकदा पाहून ठेवा. नर फुलं तळाशी सुटी होऊन पाण्यावर येतात आणि तरंगत तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात. मादी फूल स्प्रिंगसारख्या देठावर वर आलेलं असतं, आणि काम झालं की तो देठ गुंडाळून खाली जातो. हातात चुरचुरणारी, लसणासारखा उग्र वास येणारी, मूळ-पान असं काहीच नीट नसलेली निघाली तर ती कारा. तिला शेवाळ म्हटलंत तर मात्र तुमचं बरोबर, ती शेवाळाचीच नातलग.

माझा अंदाज, तुमच्याकडे हायड्रिला आणि सेरॅटोफायलम यांची भेसळ निघेल.

आता मूळ कोडं. फाट्यातच का, आणि मोठ्या पाण्यात का नाही?

नाथसागर उथळ धरण आहे. एकूण साठा 102 टीएमसीच्या थोडा वर, म्हणजे सुमारे 2,900 दशलक्ष घनमीटर, आणि पाण्याचा पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर भरते. सह्याद्रीतल्या घाटात बांधलेल्या धरणांपुढे ही परातच म्हणायची. मग एवढ्या उथळ धरणात सगळीकडे झाडं का नाहीत? उत्तर वाऱ्यात आहे. हे पाणी पन्नासेक किलोमीटर लांब पसरलंय. वाऱ्याला उघड्या पाण्यावरून जितकं लांब धावायला मिळेल तितकी लाट मोठी. आणि लाट वरून जाते तशी खालीही पोचते: दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर जितकं, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी ढवळलं जातं. माथ्यांमधलं अंतर आठ मीटर असेल तर चार मीटरपर्यंत पाणी हलतं, अर्थात खाली जाताना जोर झपाट्यानं कमी होतो. अशा किनाऱ्यावर दोन मीटर पाण्यात कोवळा कोंब तग धरत नाही. शिवाय बारीक गाळ तिथे बसतच नाही, मुरूम आणि गोटे राहतात. तुमच्या फाट्यात वाऱ्याला धावायला दोन-तीनशे मीटर मिळतात, तेवढ्यात नुसती तरंगांची नक्षी उठते. वर, बुडालेल्या शेतांचे जुने बांध आणि बाभळींची खोडं पाण्याखाली अजून उभी आहेत. तुम्हाला ती जाळी फाडणारी वाटत असतील, झाडांना मात्र ती तयार तटबंदी आहे.

म्हणजे निवारा मिळाला. दुसरी गरज उजेडाची. पांढऱ्या-काळ्या रंगाची, थाळीएवढी चकती दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. 1865 साली आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून पांढऱ्या चकतीनं हा प्रयोग केला. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आम्ही अजून तीच युक्ती वापरतो, फक्त माझी चकती डालड्याच्या डब्याच्या झाकणाची आहे. ढोबळ हिशेब असा की चकती जिथे दिसेनाशी होते, त्याच्या दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत मुळं धरणारी झाडं वाढू शकतात. श्रावण-भाद्रपदात नवीन पाणी गढूळ असतं, चकती हातभरावरच गडप होते. दसऱ्यानंतर वारा पडतो, माती खाली बसते, फाट्यातलं पाणी निवळतं. मोठ्या पाण्यात लाटा तळ ढवळत राहतात म्हणून ते उशिरा निवळतं, किंवा निवळतच नाही. तुमच्या फाट्याला इथेही आघाडी मिळते.

तिसरी गरज खाद्याची, आणि इथे गावकऱ्यांनी स्वतःकडेही पाहायला हवं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते: हरभरा, गहू, कांदा, कुठे कलिंगड. खत पडतं. जूनपर्यंत पीक निघतं, पण खतातला स्फुरद (फॉस्फरस) काळ्या मातीच्या कणांना चिकटून तिथेच राहतो आणि ऑगस्टमध्ये त्यावर पाणी चढतं. मुळं असलेली हायड्रिला स्फुरद मुख्यतः गाळातून उचलते. म्हणून "पाणी तपासलं, खत फारसं नाही, मग झाडं कशी?" असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी गाळ तपासावा. बिनमुळाची सेरॅटोफायलम, पाण्यावरची जलपर्णी आणि खरं शेवाळ मात्र पाण्यातलंच खातात. तुमच्या ओढ्याला गावचं सांडपाणी मिळत असेल तर त्यांचीही सोय झाली.

आता "पंधरा दिवसांत माजतं" या तुमच्या वाक्याकडे येतो. हे मला प्रत्येक धरणावर ऐकायला मिळतं आणि ते खरंही आहे, खोटंही. झाडं पंधरा दिवसांत उगवत नाहीत. ऑक्टोबरमध्ये तळाशी उगवून ती गुपचूप वाढत असतात. समजा तुमच्या फाट्याच्या मधोमध तेव्हा तीन मीटर पाणी आहे. जानेवारीपर्यंत झाड दीड मीटर वर येतं. त्याच काळात रब्बीसाठी कालव्याला आवर्तनं सुटतात, बाष्पीभवन होतं आणि पाणी दीड मीटर खाली जातं. दोघांची गाठ पडते त्या आठवड्यात तुम्हाला एकाएकी सगळा फाटा हिरवा दिसतो. शेंडा पृष्ठभागाला लागला की हायड्रिला आडवी पसरते आणि भरपूर फांद्या फोडते. तिचं बरंचसं वजन वरच्या हातभर पाण्यातच असतं. होडी अडते ती या छपरामुळे. काठाजवळ पाणी कमी, तिथे ही गाठ दिवाळीतच पडते. म्हणून तुम्हाला ते काठाकडून आत सरकताना दिसत असणार. ज्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरच्या धरणांतून समन्यायी वाटपाचं, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत वाटून घ्यायचं, पाणी खाली सोडतात त्या वर्षी पातळी टिकते आणि ही गाठ लांबते. गेल्या काही वर्षांच्या तुमच्या आठवणी या अंगानं ताडून पाहा.

पाणी पुढे आटतं तेव्हा हे सगळं मरतं का? दिसायला मरतं. उतार दोनशेला एक असेल तर पाणी एक मीटर उतरलं की दोनशे मीटर जमीन उघडी पडते, आणि एप्रिलात तिथे वाळलेल्या झाडांचा पापुद्रा गोधडीसारखा पसरलेला असतो. तो उचलून खालची ओल उकरली तर वाटाण्याएवढे मळकट पांढरे कंद सापडतील. हायड्रिलाची ही तिजोरी. दिवस लहान झाले की, म्हणजे थंडीत, ती हे कंद गाळात भरून ठेवते. गाळात ते काही वर्षं जिवंत राहू शकतात. 2016 च्या उन्हाळ्यात नाथसागराचा उपयुक्त साठा शून्यावर गेला होता. असा दुष्काळ पडला की वरवरचे कंद वाळून जातात, पण काळ्या मातीत खोलवर ओल टिकते आणि तिथले वाचतात. काराची भिस्त तर बीजाणूंवर आणि नायाससारख्या पाण्याखालच्या वनस्पतींची बियांवर असते, त्यांना दुष्काळ मानवतोच. पाणी परत चढल्यावर पहिल्या वर्षी कारा जोरात आली तर नवल वाटून घेऊ नका.

उपायांकडे वळण्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण तुम्ही तीच करायच्या बेतात दिसताय.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एका गावतळ्याचं काम माझ्या सल्ल्यानं चाललं होतं. तळं हायड्रिलानं भरलेलं, मासे धरणारे वैतागलेले. मी म्हटलं, मुळासकट सगळं काढा. वीस-पंचवीस माणसं लावून पंधरवड्यात तळं आरशासारखं केलं. सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली. मार्चमध्ये पाण्याला हिरवट झाक आली. एप्रिलात ते वाटाण्याच्या आमटीसारखं झालं, ओंजळीत घेतलं तर तळहात दिसेना. मग एका ढगाळ रात्रीनंतर पहाटे फोन आला. गेलो तर काठानं पांढरी पोटं तरंगत होती, जिवंत मासे तोंड वर करून हवा घोटत होते. शाल देणारेच लोक समोर उभे होते. मी काय बोलणार?

झालं असं होतं की गाळाला धरून ठेवणारी मुळं गेली, वारा तळ ढवळू लागला, स्फुरद पाण्यात आला, आणि तो खायला बारीक शेवाळाखेरीज कुणी उरलं नाही. उथळ पाण्याच्या दोन गाद्या असतात: एक झाडांची, पाणी निवळ, दुसरी शेवाळाची, पाणी हिरवं-गढूळ. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञानं 1990 च्या दशकात हे नीट मांडलं. एका गादीवरून दुसरीवर घसरायला एक हंगाम पुरतो, परत यायला वर्षं लागतात. तुमच्या फाट्यात झाडं आहेत याचा अर्थ पाणी अजून चांगल्या गादीवर आहे. त्याला दुसरीवर ढकलू नका.

या चष्म्यातून तुमचे तीन उपाय बघू.

तणनाशक. आपल्याकडे शेतीत वापरात आलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्याखालच्या पानांवर चालतच नाही, ते हवेतल्या पानावर बसावं लागतं. पाण्यात पडलं की विरघळून, गाळाला चिकटून वाया. दुसरी जी चालतात ती एकदम सगळं मारतात, मग कुजण्यात प्राणवायू संपतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी या धरणाचं पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितात, आणि 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय तुम्ही इथे फवारा मारलात तर गुन्हा तुमच्या संस्थेवर होईल, सल्ला देणाऱ्या दुकानदारावर नाही.

मोरचूद. तो खऱ्या शेवाळाचा उपाय, आणि तोही कुठल्या जमान्यातला. आपलं दख्खनी पाणी अल्कधर्मी, चुनखडीचं. त्यात तांबं लगेच साका होऊन तळाशी बसतं, हायड्रिलाला काही होत नाही, गोगलगायी मात्र मरतात. नको.

गवत्या. मासा उत्तम. 1959 साली तो आपल्या देशात आणला, तेव्हापासून शेततळ्यांत त्यानं चांगलं काम केलंय, आणि हायड्रिला त्याचं आवडतं जेवण. पण शेततळ्याला चार भिंती असतात. तुमच्या फाट्याचं तोंड साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या धरणात उघडतं. आज सोडलेला गवत्या उद्या कुणाच्या जाळ्यात असेल सांगता येत नाही. जाळीचं कुंपण घालून कोंडलात तर तो सगळं फस्त करतो, खाल्लेल्यातलं निम्मं न पचता बाहेर टाकतो, म्हणजे गाळातला स्फुरद उचलून पाण्यात कालवतो. परत माझं गावतळं. इंटरनेटवर हायड्रिलाविरुद्ध गवत्या आणि औषधं यांचे जे अमेरिकी सल्ले दिसतात ते वाचताना लक्षात ठेवा, फ्लोरिडात ही वनस्पती परकी. मत्स्यपेट्यांच्या धंद्यातून विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे गेली आणि माजली. आपल्याकडे ती इथलीच आहे. तिला खाणारे, तिच्यात राहणारे सगळे इथेच आहेत. हिवाळ्यात नाथसागरावर जे काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी हजारोंनी उतरतात त्यांना आपण वारकरी म्हणतो. पैठणला येणारे हे दुसरे वारकरी याच झाडांसाठी येतात. लालसरी बदकंही. आणि तुमच्या धंद्याचं बोलायचं तर मरळ आणि झिंगे याच जंगलात लहानाचे मोठे होतात.

मग करायचं काय? सगळं काढायचं नाही, वाटा पाडायच्या. काठाकडून खोल पाण्याकडे जाणारे, पाच-सहा मीटर रुंदीचे पट्टे. होडीला रस्ता मिळतो, जाळी लावायला कड मिळते, आणि पाणी खेळतं राहतं. एकूण हिरव्यातलं तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. वेळ फार महत्त्वाची: छप्पर तयार व्हायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरात पहिली फेरी, शेंडे पृष्ठभागाच्या हातभर खाली असताना. तेव्हा निम्म्या मेहनतीत काम होतं. जानेवारीत त्याच पट्ट्यांवर दुसरी फेरी. ओढण्यासाठी तीच दाताळी, फक्त मोठी, दोन होड्यांच्या मधे. मागून बारीक जाळी धरा, कारण हायड्रिलाचं एक पेर सुटलं तरी त्यातून नवं झाड होतं. होड्या लागतात त्या धक्क्यापाशी तेवढ्या जागेत तळावर जाड गोणपाट अंथरून दगडांनी दाबलंत तर उजेडाविना खालचं मरतं. गोणपाट कुजतं, म्हणून प्लास्टिकपेक्षा मला ते पसंत.

काढलेला माल काठावर टाकून घरी जाऊ नका. नव्वद टक्क्यांहून जास्त त्यात पाणीच असतं. ट्रॉलीभर ओलं वाळून चार-दोन टोपल्या उरतं. पण त्या टोपल्यांत तुमच्या गाळपेरीचं खत आहे. पुढच्या पूररेषेच्या वर न्या, शेणात कालवून खड्ड्यात भरा. हे एवढं जरी दरवर्षी केलंत तरी फाट्यातून थोडं थोडं स्फुरद बाहेर जाईल. गाळपेर करणाऱ्यांनी युरिया-डीएपी आखडता घेतला तर दुधात साखर, पण तो विषय ग्रामसभेत काढताना मी तुमच्या शेजारी उभा नसेन.

जलपर्णीचं पान एकही दिसलं तर हे सगळे नियम बाजूला ठेवा. ती परदेशी, दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, आणि वाऱ्यानं ढकलत नेऊन नेमकी अशा निवाऱ्याच्या फाट्यातच गोळा होते. उजनीच्या फुगवट्यात पुण्याकडचं पाणी येतं तिथे तिनं काय केलंय ते भिगवणच्या बाजूला जाऊन पाहा. ती वाटा पाडून सोडायची नसते, मुळासकट, एप्रिल-मे मध्ये पाणी कमी असताना, फुलं येण्याच्या आत काढायची. तिचं बी गाळात वीसेक वर्षं टिकू शकतं.

आणि पहाटेचं लक्षात असू द्या. दिवसभर प्राणवायू सोडणारी हीच झाडं रात्री तो वापरतात. दाट छपराखाली, ढगाळ आणि वारा पडलेल्या रात्रीनंतर सूर्योदयाआधी प्राणवायू सर्वात कमी असतो. पिंजऱ्यात किंवा हापात (बारीक जाळीच्या पेटीत) बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, ठेवत असाल तर ती छपराखाली नको, वाटेच्या तोंडाशी ठेवा.

आता तुमच्याकडून मला हे हवंय. फाट्याचं तोंड कुठल्या दिशेला उघडतं ते कळवा. काठापासून मध्यापर्यंत तीन रांगांत, प्रत्येक रांगेत पाच ठिकाणी दाताळं फेका. खोली, काय आलं, किती दातांवर आलं, एवढं वहीत लिहा. चकती कितीवर दिसेनाशी झाली तेही, दुपारी बाराच्या सुमारास, सावलीच्या बाजूनं. दसरा, दिवाळी आणि संक्रांत अशा तीन वेळा. फोटो काढाल तर घमेल्यातले काढा, चिखलाच्या गोळ्याचे नकोत. आणि दाताळी पाठीला पाठ लावून बांधताना तार वापरा. मी पहिल्यांदा सुतळीनं बांधली होती, ती अजून कुठल्यातरी तळ्याच्या तळाशी आहेत.